ब्लॉग काढायचा म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न : मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. पाटण, कऱ्हाड आणि चिपळूण इथे नोकरी झाली. निवृत्तीनंतर कुंभार्ली घाट, पावसाळ्यातल्या दरडी, रात्री स्टँडवर अडकलेले प्रवासी अशा आठवणी लिहून काढल्या. चाळीसेक लेख झाले असून ते गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतले आहेत. नातू म्हणतो, ब्लॉग काढा, फुकट असतो. जावई म्हणतात, फुकटात काही होत नाही, स्वतःची वेबसाइट घ्या, मग जाहिरातींचे पैसे सुरू होतील. त्यांनी एका ऑनलाइन कोर्सची जाहिरातही पाठवली आहे. दोघांपैकी खरे कोणाचे? या वयात हे जमेल का? वाचणार कोण? आणि कोणी लेख चोरले तर काय करायचे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या घरात जो वाद चालला आहे, तो ब्लॉगचा विषय निघाला की बहुतेक घरांत होतो. नातू सांगतो आहे ते लेख ठेवायचे कुठे याबद्दल. जावई बोलत आहेत ते त्यातून मिळणार काय याबद्दल. मधला प्रश्न, म्हणजे हे लेख लोकांना सापडणार कसे, तो फक्त तुम्हाला पडला आहे आणि खरी मेहनत तिथेच आहे. तिकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका साध्या उल्लेखाकडे पाहू. लेख डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतले आहेत, असे तुम्ही लिहिता. अनेक मराठी ब्लॉगांचे घोडे पहिल्याच दिवशी अडते ते इथे.

डीटीपीची दुकाने वर्षानुवर्षे कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे फॉन्ट वापरत आली. त्यातला कृतिदेवसारखा फॉन्ट एक युक्ती करतो. संगणकाच्या पोटात अक्षरे इंग्रजीच राहतात, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे चित्र चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलमध्ये साठते ते ई, जे, के, मोठा बी आणि एच. छपाईसाठी याने काही बिघडत नाही, कारण कागदावर चित्रच उमटायचे असते. पण हाच मजकूर उचलून ब्लॉगवर चिकटवला की वरचे चित्र गळून पडते आणि वाचणाऱ्याला ती पाच इंग्रजी अक्षरे दिसतात. ‘साहेब, सगळे इंग्रजीत आले’ अशी तक्रार लोक करतात. मुळात ते इंग्रजीतच होते.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आहे. त्यामुळे ‘म’ हा चिपळूणच्या मोबाइलवरही ‘म’ आणि न्यू जर्सीच्या संगणकावरही ‘म’. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी फुकट साधने इंटरनेटवर आहेत. फक्त फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते डीटीपीवाल्याला नेमके विचारा, कारण कृतिदेवचे साधन श्रीलिपीला चालत नाही. बदललेला मजकूर एकदा नजरेखालून घाला. पहिली वेलांटी आणि रफार अशा बदलात हमखास जागा सोडतात, म्हणून ‘मार्ग’, ‘स्थिती’ असे शब्द बारकाईने पाहा. आणि मूळ फाइल मागून घ्या, नुसती पीडीएफ नको. फाइल हरवली असेल आणि हातात केवळ छापील पाने असतील, तर मोबाइलवरच्या गूगल लेन्सने फोटोतला मराठी मजकूर उचलता येतो. चुका राहतात, तरी चाळीस लेख पुन्हा टाइप करण्यापेक्षा ते बरे.

यापुढचे लेख तुम्ही स्वतः थेट युनिकोडमध्ये लिहू शकता. मोबाइलवर मराठी कळफलक असतोच, आणि २०१७ पासून गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिण्याचीही सोय आहे. स्वल्पविराम आणि पूर्णविराम बहुतेक वेळा हातानेच द्यावे लागतात. ज्यांनी आयुष्यभर स्टँडवर गाड्यांच्या घोषणा दिल्या, त्यांना बोलून लिहिणे जड जाऊ नये.

आता लेख ठेवायचे कुठे. इथे नातवाचे म्हणणे खरे आहे. ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि आजही ती फुकट आहे. जीमेलचे खाते असेल तर अर्ध्या तासात ब्लॉग उघडतो. ब्लॉगला नाव द्यायचे, पत्ता निवडायचा, मांडणी पसंत करायची आणि कोऱ्या चौकटीत लेख चिकटवून प्रकाशित करायचा, इतकेच.

दुसरे नाव तुमच्या कानावर येईल ते वर्डप्रेसचे, आणि ते ऐकून नवखी माणसे हमखास गोंधळतात. कारण त्या नावाच्या गोष्टी दोन आहेत. एक सॉफ्टवेअर आहे, २००३ पासूनचे आणि फुकट, पण ते चालवायला इंटरनेटवर जागा भाड्याने घ्यावी लागते. त्या भाड्याच्या जागेलाच होस्टिंग म्हणतात. दुसरी वर्डप्रेस डॉट कॉम नावाची सेवा आहे. तिथे जागा आणि सॉफ्टवेअर एकत्र मिळते, फुकट योजनाही आहे, पण त्या योजनेत तुमच्या लेखाभोवती जाहिराती त्यांच्या दिसतात. जावई बहुधा पहिल्या प्रकाराबद्दल बोलत आहेत. तो प्रकार चांगलाच आहे, पण सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करणे, घुसखोरी होऊ न देणे आणि बंद पडले तर दुरुस्त करणे हे सगळे तुमच्या अंगावर येते. ज्यांना आठवणी लिहायच्या आहेत त्यांनी पहिल्याच वर्षी ही उस्तवार मागे लावून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जावयांचे एक म्हणणे मात्र धरून ठेवण्यासारखे आहे. स्वतःचे नाव, म्हणजे डोमेन, घेणे. डोमेन आणि होस्टिंग या गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे विकणारे सहसा सांगत नाहीत. तुमच्याच भाषेत सांगायचे तर होस्टिंग ही गाडी आणि डोमेन ही तिच्या कपाळावरची पाटी. गाडी घाटात बंद पडली तर दुसरी मागवून तीच पाटी लावता, आणि प्रवासी पाटी पाहून चढतात. फुकटच्या ब्लॉगरवर लेख ठेवूनही स्वतःच्या नावाची पाटी लावता येते, त्यासाठी ब्लॉगर वेगळे पैसे घेत नाही. उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे गेलात तरी वाचकांना पत्ता तोच राहतो.

डॉट कॉम किंवा डॉट इन असे नाव साधारणपणे वर्षाला हजार रुपयांच्या आसपास मिळते. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिल्या वर्षाची किंमत जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते आणि नूतनीकरणाची किंमत, जी त्याहून जास्त असते, ती तळाशी बारीक अक्षरांत. घेण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर पाहा. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डोमेनची नोंदणी तुमच्या नावावर आणि तुमच्याच ईमेलवर झाली पाहिजे. ‘मी सगळे करून देतो’ म्हणणारा मुलगा पुष्कळदा सोयीसाठी ती स्वतःच्या खात्यावर करतो. पुढे तो नोकरीसाठी बंगळूरला जातो, फोन लागत नाही, नूतनीकरणाची तारीख निघून जाते आणि सवलतीची मुदत संपली की ते नाव बाजारात मोकळे होते. मग कोणीही ते उचलू शकतो. एके काळी कवितांचा ब्लॉग असलेल्या पत्त्यावर आज जुगाराची जाहिरात उघडते ती अशीच.

आता थोडे बारकाव्यात शिरतो, कारण ही गोष्ट आपल्यासारख्या देवनागरीवाल्यांना भोवते आणि इंग्रजी मार्गदर्शनात ती सापडत नाही. प्रत्येक लेखाला स्वतःचा पत्ता मिळतो. इंग्रजी शीर्षक दिले तर ब्लॉगर त्या शब्दांवरूनच पत्ता तयार करतो. पूर्ण मराठी शीर्षक दिले तर त्याला त्यातले काहीच घेता येत नाही, म्हणून तो नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ असे नाव देतो आणि पुढच्या लेखांना त्याच नावाच्या शेपटीला आकडे लावत जातो. कितीतरी मराठी ब्लॉगांवरचे सगळे लेख ‘ब्लॉग-पोस्ट’ या एकाच नावाने नांदत आहेत. पत्ता पाहून आत घाट आहे की घारगे, हे कोणाला कळणार?

वर्डप्रेस याच्या उलट करते. ते मराठी शीर्षक तसेच्या तसे पत्त्यात घेते. पण असा पत्ता कॉपी करून पाठवला की एकेका मराठी अक्षराची किंवा मात्रेची टक्क्याच्या चिन्हांसह नऊ-नऊ चिन्हे होतात. ‘मराठी’ या एवढ्याशा शब्दाची ४५ चिन्हे! व्हॉट्सअॅपवर असा पत्ता आला की तो चार ओळी पसरतो आणि लोक त्याला व्हायरस समजून हात लावत नाहीत. दोन्हीवर उपाय एकच आहे. शीर्षक मराठीतच ठेवा, पण पत्त्याच्या रकान्यात रोमन लिपीत दोन-तीन शब्द स्वतः लिहा. कुंभार्ली, घाट, दरड, एवढे पुरे. हे लेख प्रकाशित करण्याआधी करायचे, कारण नंतर पत्ता बदलला की आधी पाठवलेल्या लिंका तुटू शकतात.

वाचणार कोण, या तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की सुरुवातीला घरचे, त्यानंतर काही काळ कोणीच नाही. ब्लॉग उघडला म्हणजे जगाला कळले, हा यातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. गूगलला तुमचा ब्लॉग आहे हे समजायलाच कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. सर्च कन्सोल या त्यांच्या फुकट सोयीत ब्लॉगची नोंद केली तर थोडे लवकर होते. पण नोंद झाली म्हणजे शोधात तुम्ही वर याल असे नव्हे. ‘पहिल्या पानावर आणून देतो’ असे ईमेल महिनाभरात यायला लागतील. ते सरळ पुसून टाका.

त्याच सुमारास आणखी एक गंमत होते. ब्लॉगसोबत भेटींचा तक्ता मिळतो आणि त्यात एके दिवशी दिसते की रशियातून, सिंगापूरहून, कुठून कुठून माणसे येऊन गेली. नवा ब्लॉगलेखक हरखून जातो. रशियात कुंभार्ली घाटाबद्दल एवढे कुतूहल असण्याचे काही कारण नाही. त्यातल्या बहुतेक भेटी माणसांच्या नसतात, इंटरनेटभर फिरणाऱ्या आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या असतात. काही तर मुद्दाम तक्त्यात आपल्या जाहिरातीची लिंक सोडून जातात, म्हणजे तुम्ही कुतूहलाने ती उघडाल. उघडू नका. शिवाय स्वतःच्या भेटी मोजू नयेत अशी सोय ब्लॉगरच्या तक्त्यात आहे, ती पहिल्या दिवशीच चालू करा. नाहीतर आपला लेख आपणच दहा वेळा उघडायचा आणि आकडा वाढला म्हणून खूश व्हायचे, असे होते.

खरे वाचक येतात ते विषयाच्या नेमकेपणामुळे, आणि इथे तुमच्याकडे माल आहे. ‘माझ्या आठवणी – भाग ७’ या शीर्षकाचा लेख जगात कोणी शोधत नाही. ‘कुंभार्ली घाटात दरड कोसळली तेव्हा कऱ्हाड-चिपळूण गाड्या कशा वळवायचो’ हे मात्र कोणीतरी शोधेल. तो मार्ग कोयनानगरवरून जातो. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत, पण त्या पहाटेनंतर पाटण खोऱ्यातल्या एस.टी.चे काय झाले, कोणत्या गावाला पहिली गाडी कधी गेली, हे तुमच्या वेळच्या जुन्या चालक-वाहकांकडून तुम्ही ऐकले असेल तर ते लिहिणारे फार थोडे उरले आहेत. तसा लेख पाटणहून मुंबईला माथाडीच्या कामाला गेलेल्या माणसाचा मुलगा वाचेल, एस.टी.चा अभ्यास करणारा विद्यार्थी वाचेल, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या गटात तो फिरेल. हजार येणारे-जाणारे मिळण्यापेक्षा असे पन्नास मिळाले तर ब्लॉग चांगला चालला असे मी म्हणेन.

गावांची नावे लिहिताना मात्र एक काळजी घ्या. तुम्ही ‘कऱ्हाड’ लिहिता, पण शोधणारे पुष्कळ जण ‘कराड’ लिहितात. लेखात दोन्ही रूपे एकदा तरी येऊ द्या. त्यातही ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप करता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या दोन निराळ्या अक्षरमाळा आहेत आणि काही ठिकाणी एक लिहून शोधले तर दुसरी सापडत नाही. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या सगळ्यांना हेच लागू. यावर तुम्ही फार काही करू शकत नाही. आपल्याच ब्लॉगवर आपलाच लेख सापडला नाही तर नातवाला दोष देऊ नका, इतकेच.

चाळीस लेख तयार आहेत म्हणून ते एकदम टाकू नका. आठवड्याला एक या गतीने तुमच्याकडे नऊ महिन्यांची शिदोरी आहे, आणि बहुतेक नव्या ब्लॉगलेखकांकडे सुरुवातीला एका लेखाचीही नसते. पहिल्या उत्साहात आठवड्यात पाच लेख येतात, मग दोन, मग ‘बरेच दिवसांत लिहिले नाही, क्षमस्व’ असा लेख येतो आणि तोच शेवटचा ठरतो. ब्लॉग चाळताना असे क्षमस्व तुम्हाला ठिकठिकाणी भेटतील.

पैशांचे काय? जाहिराती लावण्यासाठी गूगलची अॅडसेन्स ही सेवा आहे आणि मराठी ब्लॉगला ती मिळते. खाते मंजूर झाले की ब्लॉगवर जाहिराती दिसू लागतात. कमाई थोडी साचली की पत्ता पडताळण्यासाठी आकडी कोड चक्क टपालाने घरी येतो. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत मात्र पैसे हातात पडत नाहीत. हिशेब करून पाहू. समजा, पान हजार वेळा उघडले की अर्धा डॉलर मिळतो. हा दर जाहिरात, वाचक आणि देश यांप्रमाणे बदलतो, पण हिशेबापुरता धरू. मग १०० डॉलरसाठी पाने दोन लाख वेळा उघडली गेली पाहिजेत. महिन्याला दोन हजार वेळा उघडली जाणारी पाने, जी आठवणींच्या मराठी ब्लॉगसाठी चांगलीच म्हणावी लागतील, तिथवर पोचायला आठ वर्षांहून जास्त घेतील. तोवर त्या जाहिराती तुमच्या घाटाच्या वर्णनात मध्येच टायरची आणि गुडघेदुखीच्या तेलाची दुकाने मांडतील. मी असतो तर लावल्या नसत्या.

ब्लॉगमधून पैसे मिळवणारे आहेत, नाही असे नाही. पण ते कर्ज, विमा, मोबाइल, नोकरीच्या जाहिराती, परीक्षांचे निकाल अशा विषयांवर रोज ढिगाने लिहितात आणि तो पूर्ण वेळचा धंदा असतो. ‘घरबसल्या ब्लॉगमधून महिना अमुक हजार’ असे सांगणारा कोर्स विकतो तेव्हा त्याची कमाई ब्लॉगमधून होते की कोर्समधून, हे जावयांना एकदा विचारून पाहा.

चोरीची भीती रास्त आहे. कायदा तुमच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेख लिहिला त्या क्षणी हक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, ‘सर्व हक्क राखीव’ असे लिहायचीही गरज नाही, आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कोणी दुसऱ्या ब्लॉगवर लेख उचलून लावला तर त्या सेवेकडे तक्रार करून तो काढून घेता येतो, आणि तुमच्या ब्लॉगवरची प्रकाशनाची तारीख तिथे उपयोगी पडते. व्हॉट्सअॅपवर मात्र हात टेकावे लागतात. चांगला लेख निघाला की दोन दिवसांत त्याच्या खालचे नाव गळते, चौथ्या दिवशी ‘साभार’ एवढेच उरते आणि पंधरवड्यात तो पु. ल. देशपांडे यांच्या नावावर लागतो. यावर थोडाफार चालणारा इलाज म्हणजे आपले नाव आणि आगाराचा उल्लेख लेखाच्या पोटातच, कापता येणार नाही अशा वाक्यात गुंफणे.

हाच कायदा तुम्हालाही लागू आहे, हे विसरू नका. आवडती कविता लेखाच्या शेवटी पूर्ण टाकण्याचा मोह सर्वांना होतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या साहित्यावरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. पु. लं.चा २०६० अखेरपर्यंत. गूगलवर शोधून मिळालेला घाटाचा फोटोही असाच कोणाचा तरी असतो. त्यापेक्षा तुमच्या जुन्या अल्बममधला, कडा पिवळी पडलेला, डेपोतला गट-फोटो मोबाइलने टिपून लावा. तो दुसऱ्या कोणाकडे नाही.

त्या फोटोतली माणसे मात्र खरी आहेत, आणि ब्लॉग ही खासगी वही नाही. समाजमाध्यमांवरच्या मजकुरासाठी अटक होऊ शकणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, म्हणून आता काहीही लिहिले तरी चालते असा समज पसरला आहे. बदनामीचा गुन्हा कायम आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. अमुक चालक पिऊन गाडी चालवायचा, तमुक साहेबाने पैसे खाल्ले, अशा गोष्टी नाव बदलून लिहा किंवा वगळा. अपघाताबद्दल लिहिताना मृतांची नावे देऊ नका. त्यांच्या घरची माणसेही आता मोबाइलवर वाचतात. प्रतिक्रिया आधी तुम्ही पाहणार आणि मगच त्या दिसणार, अशी सोय असते. ती चालू ठेवा, नाहीतर पहिली प्रतिक्रिया कर्ज देणाऱ्याची येईल. स्वतःचा फोन नंबर मात्र ब्लॉगवर टाकू नका.

वयाचे विचारता, तर स्पेनमधल्या मारिया अमेलिया लोपेझ यांना डिसेंबर २००६ मध्ये पंच्याण्णवाव्या वाढदिवशी नातवाने ब्लॉग उघडून दिला आणि २००९ मध्ये त्या गेल्या तोवर त्या जगभर ओळखल्या जाऊ लागल्या होत्या. पोर्तुगालचे नोबेल विजेते कादंबरीकार जुझे सारामागू यांनी ब्लॉग सुरू केला तेव्हा ते ८५ वर्षांचे होते. तुमच्याकडेही नातू आहे, तेव्हा हा मुद्दा इथेच संपला.

शेवटची काळजी टिकण्याची. फुकटची सेवा ज्या कंपनीची असते, तिला वाटेल तेव्हा ती बंद करता येते. याहूने जिओसिटीज ही फुकट सेवा २००९ मध्ये बंद केली, मायक्रोसॉफ्टने आपली ब्लॉगसेवा २०११ मध्ये. सूचना मिळते, पण ती ज्या ईमेलवर येते तो आपण उघडत नसतो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी संपूर्ण ब्लॉगची प्रत उतरवून घ्या. ब्लॉगरमध्ये त्याची सोय आहे. ती पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि पासवर्ड घरातल्या एका माणसाला तरी माहीत असू द्या. इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या ना-नफा ग्रंथालयाच्या वेबॅक मशीनवर लेखाचा पत्ता टाकला की त्या पानाची एक प्रत तिथेही जपून ठेवली जाते. एकेक लेख छापून कपाटात ठेवायलाही हरकत नाही.

तेव्हा आधी डीटीपीवाल्याकडे जाऊन फाइली आणा आणि फॉन्टचे नाव विचारा. मजकूर युनिकोडमध्ये आला की नातवाच्या शेजारी बसून ब्लॉगरवर ब्लॉग उघडा, आणि सहा महिने लिहीत राहिलात तर जावयांच्या सल्ल्याप्रमाणे डोमेन घ्या, स्वतःच्या नावावर. कोर्सचे पैसे भरू नका. पहिला लेख लागला की त्याचा पत्ता या सदराकडे जरूर पाठवा. पत्ताच पाठवा, स्क्रीनशॉट नको.